रक्तातले दप्तर

"आमची सून आम्ही धडधाकट धाडली होती, ती पिवळी झाली ती तुमच्या दारात." माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूबाईंचे हे वाक्य आमच्या सातारच्या घरात चव्वेचाळीस वर्षे कुणी मोठ्याने उच्चारले नाही, आणि कुणी विसरलेही नाही.

गोष्ट १९६८ सालच्या श्रावणातली. आक्काला सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावी दिली होती. घर हळदीचे. दारात हळद शिजवायच्या कढया, अंगणात वाळत घातलेली हळकुंडे, माणसांच्या हातापायांना बारमास पिवळा रंग. नागपंचमीला लेकी माहेरी आणायच्या, त्या रिवाजाप्रमाणे वडील तिला घेऊन आले. पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. तेव्हा आता बाळंतपण होईपर्यंत इथेच राहू दे, असे ठरले. मी अकरा वर्षांचा होतो. तिने माझ्यासाठी आणलेला हळदीच्या पानांचा जुडगा मला आठवतो. त्या पानांत आईने पातोळ्या उकडल्या होत्या.

पंचमीनंतर बाराव्या दिवशी तिचे जेवण तुटले. मग मळमळ, अंगात कणकण आणि दोन दिवसांनी डोळे पिवळे. आजीने त्या काळी सगळे करीत तेच केले. कुणी बारीक काड्यांची माळ ओवून दिली. ती डोक्यावर घातली की दिवसेंदिवस लांबत खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असा समज. एक गृहस्थ चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुऊन ते पाणी पिवळेधमक करून दाखवीत. चौथ्या दिवशी एका जाणत्या बाईने देवडांगरीचे पाणी नाकात सोडले. नाकातून पिवळे पाणी वाहू लागले तेव्हा जमलेल्या बायकांना हायसे वाटले : निघाली कावीळ! पण आक्का पुढे बरळू लागली, मग नुसतीच झोपू लागली. इस्पितळात नेली तोवर उशीर झाला होता. श्रावण सरता सरता ती गेली, आणि तिच्याबरोबर पोटातले बाळही.

सासरचे म्हणाले, डांगरीने मारली. आई म्हणे, त्यांनी गरोदर पोरीला राबराब राबविले. आजी काहीच म्हणत नसे. पण त्यानंतर तिने कुणाच्या घरी औषध सांगायला पाऊल टाकले नाही. दोन्ही घरांचे येणे-जाणे तुटले.

मी पुढे इतिहासाचा शिक्षक झालो आणि नोकरीची बहुतेक वर्षे सांगली-मिरजेकडेच काढली. आमच्या भागात इतिहास म्हणजे दप्तर. सातारला दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी जुन्या कागदांचे डोंगर गोळा केले. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांच्या कागदांचे रुमाल सोडीत बसले, आणि त्यांतून त्यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह उभा राहिला. मी मुलांना सांगत असे : बखर आणि पत्र यांत फरक करायला शिका. बखर सांगते की लढाई झाली होती. पत्र सांगते की आज सकाळी झाली, आणि शाई अजून ओली आहे. हे वाक्य एके दिवशी माझ्यावरच उलटणार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. वर्तमानपत्रांत रोज बातम्या येत होत्या, त्यांत गरोदर स्त्रियांविषयी वेगळा इशारा असे. तो वाचून मी अस्वस्थ झालो आणि माझा एक जुना विद्यार्थी मिरजेत डॉक्टर आहे, त्याच्याकडे जाऊन बसलो. त्याला आक्काची हकिकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, ही तुमच्याच विषयातली गोष्ट आहे. फक्त दप्तर रक्तातले आहे." मग त्याने सांगितले ते, आणि पुढे मी स्वतः वाचीत गेलो ते, इथे मांडतो.

आरंभ दिल्लीपासून करावा लागतो. १९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला आणि ओसरताना नदीने पात्र बदलले. नोव्हेंबरात असे झाले की नजफगड नाल्याचे मैलापाणी उलटे चढून वजिराबादच्या पाणीपुरवठा केंद्राच्या तोंडाशी आले. केंद्रातील मंडळींनी हलगर्जी केली नाही; त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढविले. त्याचा उपयोगही झाला. विषमज्वर वाढला नाही, हगवण पसरली नाही. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग डिसेंबर उजाडला तशी माणसे पिवळी पडू लागली. जानेवारी १९५६ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे २९,००० लोकांना उघड कावीळ झाली. डॉ. विश्वनाथन यांनी या साथीचा जो बारकाईने अभ्यास केला, तो आजही आधाराला घेतला जातो. त्यात दोन गोष्टी नोंदल्या गेल्या. लहान मुलांपेक्षा तरणीताठी माणसे अधिक आजारी पडली. आणि गरोदर स्त्रिया इतरांपेक्षा कितीतरी जास्त दगावल्या.

त्या वेळी सर्वांनी या रोगाला एकच नाव दिले : संसर्गजन्य कावीळ, म्हणजे ज्याला पुढे 'ए' म्हणू लागले ती. नाव देऊन झाले की चौकशी संपते, हा माणसाचा जुना स्वभाव आहे. आयुर्वेदाने कामला, कुंभकामला, हलीमक असे भेद तरी केले होते. आम्ही बाकीचे सरसकट 'कावीळ' म्हणून मोकळे झालो होतो. वास्तविक पिवळेपणा हा रोगच नव्हे. यकृत बिघडले की पित्तातला पिवळा रंग रक्तात साठतो, एवढाच त्याचा अर्थ. दार कुणी फोडले ते त्यावरून कळत नाही.

मग कळते कशावरून? इथे रक्तातल्या दप्तराची ओळख करून घेतली पाहिजे.

परका जंतू शरीरात शिरला की रक्तातल्या काही पेशी त्याच्याविरुद्ध एक पदार्थ तयार करतात. त्याला प्रतिपिंड म्हणतात. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवून दिले की धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषाला निकामी करणारे असे काहीतरी, आधी तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तात असते, आणि ते दुसऱ्याला देताही येते. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणजे आपल्या गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. बेचक्याच्या दोन टोकांना ओळखण्याचे काम असते. ही ओळख डोळ्यांनी होत नाही, स्पर्शाने होते.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगणे सोपे आहे. पूर्वी बाजारात लिलावाच्या वेळी दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालीत. कुणी काही बोलायचे नाही. बोटे कशी धरली, किती दाबली, यावरून भाव कळे. बघणाऱ्याला काही पत्ता नाही. प्रतिपिंडाचे तसेच आहे. विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनाला चढ-उतार असतात, वळसे असतात. त्यातल्या एका लहानशा जागेवर बेचक्याचे टोक नेमके बसले तर ओळख पटली, नाहीतर नाही. आणि ती जागाही मोठी चमत्कारिक असते. प्रथिन म्हणजे एक लांब माळ. तिच्यातले एकमेकांपासून दूर असलेले मणी, माळ गुंडाळली गेल्यावर शेजारी येतात आणि तिथे आकार बनतो. माळ उलगडून सरळ केली तर मणी तेच राहतात, पण आकार नाहीसा होतो, आणि मग पुष्कळ प्रतिपिंडांना ती ओळखता येत नाही. सुटी बोटे मोजून भाव कळत नाही, पकड कळली पाहिजे.

शरीर हे आकार आधी पाहून बेचकी बनविते असे नाही. ते लाखो तऱ्हेची बेचकी मुळातच बाळगून असते. त्यांतले जे थोडेफार जुळते, त्याची पेशी वाढू लागते, वाढताना आणखी घासूनपुसून नेमकी होत जाते. म्हणूनच नव्या रोगाशी पहिल्यांदा गाठ पडली की वेळ लागतो. सुरुवातीला जे प्रतिपिंड येतात ते पाच बेचकी एकत्र बांधल्यासारखे, ठोकळ आणि घाईचे असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'एम' जातीचे म्हणतात. ते काही महिन्यांत ओसरतात. नंतर येतात ते 'जी' जातीचे, सुटे आणि नेमके. ते वर्षानुवर्षे, कधी जन्मभर टिकतात.

इथे माझ्या विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले आणि तो हसला. "सर, 'जी' म्हणजे बखर. 'एम' म्हणजे ओल्या शाईचे पत्र."

हे दप्तर वाचण्याची विद्या हळूहळू आली. अमेरिकेत बरूक ब्लमबर्ग नावाचे संशोधक देशोदेशीच्या माणसांची रक्ते गोळा करीत होते. पुष्कळदा दुसऱ्याचे रक्त घेतलेल्या एका रोग्याच्या रक्तजलाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तजलाशी गाठ घातली, तेव्हा मधल्या जेलीत एक पांढरी रेघ उमटली. रोग्याच्या प्रतिपिंडांनी कशाला तरी ओळखले होते. ते काय, हे ओळखणाऱ्यालाही ठाऊक नव्हते! १९६५ साली त्याला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव मिळाले, आणि पुढे दोन वर्षांत ते काविळीशी जोडले गेले. ते 'बी' काविळीच्या विषाणूचे बाहेरचे कवच निघाले. ब्लमबर्गना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही कावीळ रक्तातून, आईकडून बाळाला, दूषित सुईतून पसरते. तिचा विषाणू रिकामी कवचेच भाराभर रक्तात सोडतो, आणि तीच त्याच्या अंगाशी आली : त्या कवचांचीच लस झाली. आधी ती रोग्यांच्या रक्तातून काढीत, १९८६ पासून किण्वपेशींकडून बनवून घेऊ लागले. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली देशी लस आणली तेव्हा ती सामान्यांच्या आवाक्यात आली. २०११ पासून ती देशभर सर्व बाळांच्या लसीकरणात आहे, आणि पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत देतात. माझ्या नातवाला तो दिला तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. पण हे विषयांतर झाले.

'ए' काविळीचा विषाणू १९७३ साली सापडला, तोही याच युक्तीने. बऱ्या झालेल्या माणसाचे रक्तजल रोग्याच्या मळाच्या गाळलेल्या पाण्यात मिसळले, तेव्हा प्रतिपिंडांनी विषाणूंना धरून त्यांचे पुंजके केले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. एकटादुकटा विषाणू त्या पसाऱ्यात हरवला असता; ओळखीच्या माणसाने हात धरून पुढे आणल्यामुळे तो सापडला.

आता 'ए' आणि 'बी' दोन्ही वाचता येऊ लागल्या, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या मंडळींनी एक फार साधा आणि फार महत्त्वाचा प्रश्न विचारला. ही संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली होती आणि १९७८ साली तिला राष्ट्रीय दर्जाचे आजचे नाव मिळाले, डॉ. खुर्शीद पावरी तेव्हा तिच्या संचालक होत्या. प्रश्न असा : भारतात लहानपणीच जवळजवळ प्रत्येकाला 'ए' कावीळ होऊन गेलेली असते, बहुधा कुणाच्या लक्षातही न येता, तिची बखर जन्मभर रक्तात राहते, मग तीच कावीळ तरण्याताठ्या माणसांची साथ कशी करील?

दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतले रक्तजल गोठवून ठेवलेले होते. अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतलेही होते. आमच्या सांगलीशेजारी हरिपुरात जमिनीत खोल पेवे खणून त्यात हळद ठेवीत, आणि वर्षांनी काढली तरी तिचा रंग गेलेला नसे. ती गोठलेली कुपी म्हणजे तसलेच पेव. पुण्याचे श्रीनिवासन, प्रसाद आणि पावरी, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले वाँग आणि पर्सेल, यांनी हे पेव उघडले. रोग्यांच्या रक्तात 'ए' ची बखर होती, अगदी आजाराच्या पहिल्या दिवसांपासून होती. ओल्या शाईचे पत्र मात्र नव्हते. 'बी' वरही दोष ठेवता येत नव्हता. म्हणजे दिल्लीला पिवळे करणारा आरोपी तिसराच कुणी होता, आणि पंचवीस वर्षे आपण चुकीच्या माणसाचे नाव घेत होतो. १९८० साली हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच वर्षी डॉ. महंमद सुलतान खुरू यांनी १९७८ च्या काश्मीरच्या साथीवरून स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. तिथेही गरोदर बायका गेल्या होत्या.

हे वाचताना मी ज्या ठिकाणी थांबलो ते सांगायला हवे. १९८० च्या पुढच्याच वर्षी, १९८१ साली, कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ आली. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली रक्तजले तपासली. त्यांचा निबंध १९८४ साली निघाला. पुन्हा 'ए' नाही, 'बी' नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. म्हणजे हा नवा इसम दिल्ली-काश्मीरचा पाहुणा नव्हता, आमच्या नद्यांच्या काठचा रहिवासी होता.

त्याचे तोंड पाहण्याचा मान एका रशियन माणसाने फार महाग घेतला. मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या नऊ आजारी सोव्हिएत सैनिकांच्या मळाचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला. ते हे धाडस करू शकले त्याला कारण होते : त्यांच्या रक्तात 'ए' ची बखर आधीच होती, तेव्हा आता जी कावीळ होईल ती 'ए' असणार नाही. छत्तिसाव्या दिवशी ते आजारी पडले. त्यांच्या मळात जे बारीक गोल कण सापडले, त्यांना अशा साथीतून उठलेल्या माणसांच्या प्रतिपिंडांनी पुंजके करून ओळख दिली. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. अशा प्रयोगाचे कौतुक करावे की त्यांच्या घरच्यांची कीव करावी, हे मला अजून ठरविता आलेले नाही. १९८८ साली पुण्याच्या विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या साथीतही तसेच कण आणि तीच ओळख दाखविली. १९९० साली विषाणूच्या आनुवंशिक मजकुराचा तुकडा हाती आला आणि 'ई' हे नाव कायम झाले. आता त्याची बखर आणि त्याचे पत्रही वाचता येऊ लागले. अरणकल्ले यांनी भारतातल्या कितीतरी जुन्या साथींची रक्तजले पुन्हा काढून पाहिली. बहुतेक साथी 'ई'च्याच निघाल्या. पुण्याच्या लोकांची १९८२ आणि १९९२ ची रक्तजले ताडून पाहिली, तेव्हा मुलांत 'ए' ची बखर सर्रास, पण 'ई' ची विरळा. ती तारुण्यात दिसू लागते. दिल्लीत मोठी माणसे का पिवळी झाली, त्याचे उत्तर हे होते.

माझे लक्ष मात्र दुसऱ्या दोन आकड्यांवर होते.

पहिला : या काविळीत एरवी शंभरातला एखादा दगावतो. माळ लांबली, हाताचे पाणी पिवळे झाले, डांगरीने नाक वाहिले, आणि माणूस बरा झाला. तो बरा होणारच होता. काड्या वाळून आकसल्या की माळेच्या गाठी सैल होतात आणि ती लांबते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळे होते, सातारच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हा खेळ गावोगाव करून दाखवीत आले आहेत. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला हीच कावीळ झाली तर शंभरात पंधरा ते पंचवीस जातात. असे का व्हावे, त्याचा पुरता उलगडा अजून शास्त्रालाही झालेला नाही.

दुसरा आकडा : पाण्यातून विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत कमीत कमी दोन आठवडे, बहुधा पाच-सहा आठवडे जातात. दिल्लीत नोव्हेंबरचे पाणी डिसेंबरात पिवळे झाले ते यामुळे. आक्का पंचमीला आली आणि बाराव्या दिवशी आजारी पडली. म्हणजे सातारला कासच्या तलावाचे पाणी तिने तोंडाला लावले, त्याच्या आधीच तो तिच्या यकृतात बसलेला होता. आषाढातले नदीचे पहिले गढूळ पाणी. डांगरीने ती गेली नाही. राबल्याने गेली नाही. पण हे ऐकायला आजी नव्हती, आई नव्हती, आणि ते वाक्य बोलणाऱ्या सासूबाईही नव्हत्या.

लसीची हकिकत थोडक्यात सांगून पुढे जातो. या विषाणूच्या कवचावर जोडीजोडीने उंचवटे असतात. दोन प्रथिने एकमेकांना भिडली की उंचवट्याचा माथा तयार होतो, आणि विषाणूला निकामी करणारे प्रतिपिंड त्या माथ्याच्या आसपासच बोटे रोवतात. एकटे प्रथिन दाखविले तर चांगली ओळख पटत नाही, जोडी लागते. चीनमधल्या शियामेन विद्यापीठातल्या संशोधकांनी कवचाचा नेमका तेवढा तुकडा जंतूंकडून असा बनवून घेतला की त्याची जोडी आपोआप जमते. त्यात विषाणू नाही, त्याचा मजकूर नाही, नुसती पकड आहे. माणसांना बाधणाऱ्या या विषाणूचे काही उपप्रकार आहेत, पण त्यांचे माथे इतके सारखे की एकाची ओळख सर्वांना पुरते. जिआंगसू प्रांतात एक लाखावर लोकांवर ती लस पारखली गेली, २०११ साली चीनने तिला परवानगी दिली, आणि दहा वर्षांनंतरही तिचा गुण ८६ टक्क्यांवर टिकल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीत साथ चालू असतानाच ती दिली, गरोदर स्त्रियांनाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. आपल्याकडे अजून उकळलेले पाणी हाच उपाय, आणि तो खरा उपाय आहे. उकळी त्याला सोसत नाही.

२०१२ च्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, मी आक्काच्या सासरी गेलो. चव्वेचाळीस वर्षांनी. घर तेच होते, कढया नव्हत्या. दाजींनी पुढे दुसरे लग्न केले होते, नातवंडे अंगणात फटाके वाजवीत होती. ते सत्तरीच्या घरात होते आणि त्यांनी मला ओळखले नाही; मी नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. फराळाचे ताट आले. मी शिक्षकासारखे सगळे क्रमाने सांगितले : दिल्ली, पुणे, कोल्हापूर, पाणी, दिवस. दोन्ही घरांतल्या कुणाचाही दोष नव्हता, हे सांगायलाच मी गेलो होतो.

दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "त्या आषाढात मलाबी झाली होती थोडी. डोळं पिवळं. चार दिवसांत उतरली. आई म्हणायची, हळदीचाच रंग हाय तो. आम्ही काय मनावर घेतलं न्हाई."

"दाजी, तेच. तुम्ही दोघांनी एकच पाणी घेतलं. तुम्ही निभावलात."

ते अंगणाकडे बघत राहिले. "नदीचं पाणी तीच आणायची आधी. मग तिला दिवस गेलं, तवा मी म्हटलं, तू जड उचलू नगंस. म्हणून मीच आणायचो घागरी. आषाढभर मीच आणल्या."

मला बोलायला काही सुचेना. नातसुनेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दाजींनी तो हाताने जरा बाजूला सारला.

"किती दिवस म्हणालास? पाणी पोटात गेल्यापासनं?"

"पस्तीस-चाळीस," मी म्हटले.

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि पंचमीपासून मागे, एकेक दिवस मोजायला सुरुवात केली.